ओट्याची उंची आणि माझी कंबर

सर्व आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि सकाळच्या फेरीतले सोबती यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या वणीच्या घरातला स्वयंपाकाचा ओटा गरजेपेक्षा साडेसहा इंच उंच असल्याचे बावीस वर्षांनंतर सिद्ध झाले असून, या गुन्ह्यातला एकमेव आरोपी प्रस्तुत लेखक आहे. आरोपीने गुन्हा कबूल केला आहे.

गुन्हा असा घडला. घराचं बांधकाम चालू होतं आणि बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी, मुकुटबनला गेलेली. गवंड्याने विचारलं, "साहेब, ओटा कितीचा ठेवू?" मी सहा फुटी माणूस. आयुष्यात रंगमंचावर फारसं कोणी चढू दिलं नाही, म्हणून मिळेल त्या जागी उभं राहून हातवारे करायची सवय. मी विटांच्या ढिगाऱ्यावरून उतरलो, छाती काढली, कमरेवर तळहात आडवा धरला आणि म्हणालो, "इथपर्यंत!" गवंड्याने माझ्या तळहाताच्या रेषेत भिंतीवर पेन्सिलने खूण केली. सदतीस इंच.

बायको चार फूट नऊ इंच.

बाळ काखोटीला घेऊन ती घरी आली, स्वयंपाकघरात शिरली आणि ओट्यासमोर उभी राहिली. बँकेच्या खिडकीसमोर लहान मूल उभं राहावं तशी. तिने ओट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हा कोणाच्या मापाचा केला?"

ती आत गेली, दिवाळीच्या आंघोळीला मी ज्यावर बसत असे तो पाट घेऊन आली, ओट्यापुढे सरकवला आणि त्यावर चढली. तेव्हापासून पाट तिथेच. शेगडीकडून मोरीकडे जायचं तर खाली उतर, पायाने पाट सरकव, पुन्हा चढ. टक, सर्र, टक. आमच्या घरातली सकाळ याच आवाजाने व्हायची. पाटावर चढूनही भाकरी थापताना तिचा उजवा खांदा कानाला लागलेला असायचा. गेल्या वर्षी तो खांदा धरलाच. वेणी घालायला हात वर जाईना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, व्यायाम दिले आणि निघताना म्हणाले, "आधी तो ओटा खाली घ्या."

घरी येताना बायको एवढंच बोलली, "मले सोन्याचं नको, चांदीचं नको. पाटाशिवाय उभं राहता आलं पाह्यजे. बस."

समजूतदार माणसाने दुसऱ्या दिवशी कोणाला तरी बोलावून ओटा फोडला असता. मी समजूतदार नाही. बावीस वर्षांचं पाप साध्या प्लायवूडने कसं धुतलं जाणार? मला वाटलं, आता आणायचं तर परदेशातलंच. इटलीचं, जर्मनीचं, जिथून कुठून येत असेल तिथलं. आल्यागेल्याने दारातच थबकलं पाहिजे आणि विचारलं पाहिजे, "हे कुठचं हो?"

त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. मोबाइलमध्ये नुसती स्वयंपाकघरं. पांढरी, राखाडी, मधूनच एखादं जांभळं. सकाळी परदेशी पक्कं, दुपारी देशी, संध्याकाळी पुन्हा परदेशी. जेवताना मी मध्येच उठून भिंत मोजायचो. खिशात मोजपट्टी घेऊनच हिंडत होतो आणि ज्याच्या घरी जाईन त्याच्या ओट्याला लावत होतो. एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, आम्ही मुलाकडून गेलो होतो. मंडळी चहा घेत असताना मी हळूच मुलीवाल्यांच्या स्वयंपाकघरात शिरलो आणि ओट्याला पट्टी लावली. मागे वळून पाहतो तर मुलीची आत्या पदर तोंडाला लावून उभी. बाहेर कुजबुज सुरू झाली की मुलाकडचे लोक घर मोजून राह्यले. साक्षगंध पार पडलं, पण माझ्या ताटात दुसरा गुलाबजाम काही आला नाही.

"तुमचं काय चालू हाय?" बायकोने गाडीत विचारलं.

"चौतीस इंच होता," मी म्हणालो.

मग आम्ही नागपूरला गेलो, परदेशी किचनच्या दालनात. आत थंडगार, गुळगुळीत आणि इतकं पांढरं की मी नकळत चपला बाहेर काढल्या. दाखवणारी मुलगी फार गोड बोलत होती. तिने एक खण ओढला आणि नुसता बोटाने टेकवला. तो स्वतःच, आवाज न करता, एखाद्या सरदाराने मुजरा करावा तसा हळूहळू आत गेला. मी तो नऊ वेळा उघडला. दहाव्यांदा बायकोने माझा हात धरला.

"बंद होते तो. समजलं आता."

मग तिने पर्समधून एक छोटी डबी काढली. मला माहीतच नव्हतं. डबीत तेलात कालवलेली हळद. कोणी काही म्हणायच्या आत तिने बोटभर हळद त्या पांढऱ्या दाराला फासली.

"मॅडम!" ती मुलगी किंचाळलीच.

"दहा मिनिटं राहू द्या," बायको शांतपणे म्हणाली. "आमच्या घरी रोज लागते."

दहा मिनिटांनी पुसलं. हळद गेली, डाग नाही. मी विजयी वीरासारखे हात पसरले. बायकोने बोट दारावर फिरवलं, पाहिलं आणि म्हणाली, "हळद गेली. पण वणीत याच्यावर दुपारपावतोर कोळशाची धूळ बसन. मंग हे पांढरं राहत नाही." तेही खरंच. आमच्या गावात पांढरा शर्ट घालून सकाळी कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याने गेलो की दुपारी तो उंदराच्या रंगाचा होतो.

एवढं होऊनही मी परदेशीच घेतलं असतं. किंमत ऐकल्यावरही घेतलं असतं, तेवढ्या पैशात आमच्याकडे चालता जुना ट्रक येतो तरीही. पण बायको त्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिली. तिने खोटं खोटं पीठ मळून पाहिलं. खांदा वर गेला.

"हे जरा खाली नाही का घेता येणार?" मी विचारलं.

"सर, ही स्टँडर्ड हाइट आहे. खालचे पाय वाढवून ओटा वर घेता येतो. त्याहून खाली नाही. कापलं तर वॉरंटी जाते."

बायको माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "यालेबी पाट लागनच."

त्या एका वाक्याने माझी इटली बुडाली.

मग यवतमाळचं दालन. हे देशी, कारखान्यात बनलेलं. दालनवाले काका पान चघळत म्हणाले, "एकच माल समजा. बाहेरून बिलकुल फारेन." बाहेरून होतंही तसंच, आणि किंमत जवळजवळ निम्मी. खण मात्र शेवटच्या चार बोटांवर धाडकन आपटायचा. दाराची कडा बायकोने नखाने खरवडून पाहिली तर कडेला चिकटवलेली पट्टी थोडी सुटली. काकांनी घाईने ते दार बंद केलं. उंची? "बत्तीसपर्यंत करून देऊ, वहिनी. त्याच्याखाली आमची मशीन जात नाही."

घरी येताना मी संपूर्ण रस्ता बोलत होतो. देशी घ्यावं का? पण आपटणारा खण? परदेशी घेऊन खालच्या फरशीलाच उंची द्यावी का? म्हणजे तिची बाजू वर आणि... बायको खिडकीबाहेर कापसाच्या शेतांकडे बघत होती. मी थांबलो तशी ती म्हणाली, "अवो, किचन मह्यासाठी हाय की तुमच्यासाठी?"

दोन दिवस मला झोप नीट लागली नाही. तिसऱ्या दिवशी तिनेच मिस्त्रीला बोलावलं. गावातला मुसलमान सुतार, वडिलांपासून हाच धंदा. आमच्या दिवाणखान्याची दारं त्याच्या वडिलांनी केलेली. आल्या आल्या त्याने मला विचारलं, "ऊंचाई कितनी, साहेब?"

आणि देवा शप्पथ सांगतो, माझा हात आपोआप माझ्या कमरेकडे गेला. तळहात आडवा झाला. मीच तो पाहिला आणि घाईघाईने जरा खाली नेला.

मिस्त्री माझ्या हाताकडे बघत राहिला. "साहेब, रोट्या तुमी करता काय?"

"नाही."

"मंग बाजूला सरका."

मी सरकलो. त्याने एक स्टूल आणलं, त्यावर प्लायचे तुकडे रचले, वर परात ठेवली. "भाभी, पीठ मळा. खरंखुरं." बायकोने खरंच कणीक घेतली आणि मळायला लागली. मिस्त्री एकेक तुकडा कधी काढायचा, कधी घालायचा आणि तिच्या हाताकडे नाही, तर खांद्याकडे बघायचा. "अब? आणि अब?" सहाव्या तुकड्याला तिचा उजवा खांदा हळूच खाली आला, कित्येक वर्षं कोणीतरी वर ओढून धरलेला सोडून द्यावा तसा. मिस्त्रीने पट्टी लावली. साडेतीस.

बावीस वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. मीही नाही. मी फक्त इटली विचारत होतो.

मग त्याने थैलीतून दोन गोष्टी काढल्या. एक प्लायचा तुकडा, जो त्याच्या म्हणण्याप्रमाणे पंधरा दिवस बादलीत बुडवून ठेवलेला होता. फुगला नव्हता. दुसरा, दाराचा कबजा, म्हणजे बिजागरी. "हा फारेनचा. इथं पैसे लावा, साहेब. दार रोज उघडते, कबजा बिघडला की सारं बिघडलं. बाकी डबा, सारा सांगाडा, इथलाच. रंग राखाडी घ्या, धूळ दिसत नाही."

झालं. माझ्या महिन्याभराच्या येरझाऱ्यांचा निकाल एका थैलीत निघाला. कबजे परदेशी, खणाच्या पट्ट्या परदेशी, लाकूड गावातलं आणि माप बायकोचं. मला थोडं वाईटच वाटलं. एवढं सोपं उत्तर असेल असं वाटलं नव्हतं.

महिन्याने किचन उभं राहिलं. पहिल्या दिवशी तिने भाकरी टाकली. पाट बाहेर, भिंतीला टेकवलेला. भाकरी थापताना तिचा डावा पाय मात्र सारखा फरशीवर चाचपत होता, पाट कुठे गेला म्हणून. खांदा जागेवर होता. मी दारात उभा राहून तिला बघत होतो आणि शेवटचा पडदा पडावा तसं मला भरून आलं होतं.

पण माझा स्वभाव. नुसतं बघत राहवेना. मिस्त्री शेवटचे स्क्रू आवळत होता, त्याच्यासमोर मी जाहीर केलं, "आज चहा मी करणार!" आणि नाटकातल्या राजासारखा पुढे आलो. शेगडीवरची धूर ओढणारी चिमणीही बायकोच्याच मापाने लावलेली. कपाळ सरळ चिमणीच्या कोपऱ्यावर आदळलं. कपाळ धरून मी गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी घ्यायला वाकलो, आणखी वाकलो, कारण नळही खाली होता, आणि कमरेत लचक भरली. तसाच अडकून राहिलो. हातात गंज, कपाळावर टेंगूळ, ओट्यावर दुमडलेला सहा फुटी माणूस.

मिस्त्री स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून हसायला लागला. बायको पिठाचे हात घेऊन आली, वाकून माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अवो, आता तुमच्यासाठी इथं खड्डा खंदू काय?"