थांबा मास्तरांचा दुसरा ब्रेक

गावात त्यांना सगळे ‘थांबा मास्तर’ म्हणत. अडतीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं आणि चार हजारांवर माणसं रस्त्यावर सोडली. त्यातली निम्मी आता कशी चालवतात ते विचारू नका. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. मास्तरांचं आयुष्य त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून गेलं. तोंडाने “थांबा!” आणि पायाने ब्रेक, दोन्ही एकाच वेळी. सवय इतकी हाडीमाशी खिळलेली, की बसने कुठे जायचं झालं तरी ते ड्रायव्हरच्या मागे दांडा धरून उभे राहत आणि रस्त्यावर नजर ठेवत. चालत्या गाडीत त्यांचा डोळा म्हणून कधी लागला नाही.

चार हजारांना शिकवलं, पण बायकोला नाही. “घरात शिकवलं की भांडणं होतात,” असं ते म्हणत. भांडणं तशीही होतच होती. गेल्या वर्षी मास्तरांच्या डोळ्यांनी दगा दिला, डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली, स्कूल बंद झालं आणि शिकवायची जुनी गाडी तेवढी दारात उरली. तेव्हा मास्तरीणबाई वयाच्या एकसष्टाव्या वर्षी उठल्या आणि पलीकडच्या गल्लीतल्या प्रतिस्पर्ध्याकडे नाव घालून आल्या. मास्तर आठवडाभर जेवताना बोलले नाहीत. बाई पहिल्या फटक्यात पास झाल्यावर मात्र म्हणाले, “हल्ली परीक्षा सोपी झालीय.”

आणि आता त्याच गाडीतून दोघं लेकीकडे निघाले होते. नात झाली होती. अकराशे किलोमीटर, दोन दिवस, मध्ये एका मोठ्या शहरात मुक्काम. स्टिअरिंगवर बाई, शेजारी मास्तर.

पहिल्या दिवशी मास्तरांनी सतरा वेळा ब्रेक दाबला. मोजून सतरा. पुढचा ट्रक अचानक थांबला तेव्हा, मेंढ्या आडव्या आल्या तेव्हा, एक सायकलवाला हात न दाखवता वळला तेव्हा. दर वेळी गाडी वेळेवर उभी राहिली आणि दर वेळी मास्तर कपाळ पुसून म्हणाले, “बघितलंस? मी होतो म्हणून निभावलं.” बाई नुसतं “हं” म्हणत आणि गिअर टाकत. शहरात शिरताना सहा रस्त्यांच्या चौकाला त्यांनी तीन प्रदक्षिणा घातल्या, कारण बाहेर पडायचा रस्ता मास्तर दर खेपेला वेगळा सांगत होते.

हॉटेलातली खोली एवढीशी होती, की एकाने बूट काढायचे तर दुसऱ्याने पलंगावर चढायचं. खिडकीतून खाली मागचं अंगण दिसे आणि अंगणात त्यांची गाडी. बाईंनी पिशवी ठेवली आणि आडपडदा न ठेवता विचारलं, “अहो, एक सांगा. माझ्यावर भरवसा आहे की नाही?”

“तसं नाही गं, पण सतरा वेळा...”

“ते सतरा राहू द्या. सकाळी नाश्त्याला काय ते सांगा. भरवसा असेल तर गाडीने जाऊ. नसेल तर गाडी इथे ठेवू, बसने जाऊ. पण मग मी पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही. आजवर शेजारच्या सीटवर बसले, उरलेलं आयुष्यही बसेन.”

मास्तर कात्रीत सापडले. हो म्हणावं तर खोटं बोलल्यासारखं, आणि नाही म्हणावं तर बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शेवटी त्यांना युक्ती सुचली. तो दुसरा ब्रेक दिवसभर जरा हलका लागत होता. तो गुपचूप घट्ट करून घ्यायचा. वरून भरवसा, खालून ब्रेक! साप मरेल आणि काठीही मोडणार नाही.

सकाळी बाई अंघोळीला गेल्या तशी मास्तरांनी किल्ली उचलली. हॉटेलला लागूनच एक गॅरेज होतं. तिथला मेकॅनिक, पोट सुटलेला आणि कानावर पेन्सिल खोवलेला, अंगणात आला, मोठ्या कष्टाने सीटपुढे वाकला, टॉर्च मारला आणि वाकूनच म्हणाला, “काका, हा ब्रेक कशालाच जोडलेला नाही.”

“म्हणजे काल तार तुटली?”

“तुटली नाही, सोडवलीय. महिना तरी झाला असेल, टोकावर धूळ बसलीय बघा. आणि खाली नवीकोरी स्प्रिंग घातलीय. पायाला दाबल्यासारखं वाटावं म्हणून. काम सफाईचं आहे, मानलं पाहिजे.”

मास्तर तिथेच गाडीला टेकून उभे राहिले. आधी राग आला. आपल्याला, अडतीस वर्षांच्या मास्तरला, स्प्रिंग! मग ट्रक आठवला, मेंढ्या आठवल्या, तो सायकलवाला आठवला. सतरा वेळा गाडी थांबली होती, ती कोणी थांबवली? आणि आपण कपाळ पुसत होतो! त्यांना इतकी लाज वाटली, की कान तापले. लाजेच्या मागोमाग, न विचारता, अभिमान आला. इतकं हलक्या पायाने थांबायला त्यांच्या चार हजारांतल्या एकालाही जमलं नव्हतं.

“जोडून देऊ का?” मेकॅनिकने विचारलं.

“थांबा,” मास्तर म्हणाले. मग किल्ली खिशात टाकून म्हणाले, “राहू द्या. आहे तसंच बरं आहे.”

नाश्त्याला बाईंनी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, “काय ठरलं? गाडी की बस?”

“गाडी.”

बाईंनी त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. गाडीत बसल्यावर मास्तरांनी पट्टा लावला, बूट काढून मागे ठेवले आणि सीटवर चक्क मांडी ठोकली.

“अहो, पाय खाली घ्या! ब्रेक कोण दाबणार?”

“काल सतरा वेळा जिने दाबला, ती.”

बाईंचा हात किल्लीवरच राहिला. त्यांनी एकदा त्या ब्रेककडे पाहिलं, एकदा मास्तरांच्या मांडीकडे, आणि कानापर्यंत लाल झाल्या. “कधी कळलं?”

“मघाशी. चल आता, नात वाट बघतेय.”

सहा रस्त्यांच्या चौकातून बाई एकाच फेरीत बाहेर पडल्या. पुढे एक बस हॉर्न न देता अंगावर आली. बाईंनी ब्रेक दाबला, गाडी थांबली आणि त्या सवयीने “थांबा!” ऐकायची वाट पाहू लागल्या. ते काही आलंच नाही. त्यांनी वळून पाहिलं. थांबा मास्तर मांडी घातलेल्या अवस्थेतच घोरत होते.