इजारीवरून चड्डी घातलेला वीर

लढाईच्या काळात कर्जत स्टेशनावर एका गोऱ्या सोल्जराने टाकलेलं चित्रांचं इंग्रजी पुस्तक मामाने पोशीरला घरी आणलं. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, म्हणून मामा चित्रं बघून खोल आवाज काढत गोष्ट सांगू लागला. "ह्याचं घर जाळलं, घरची माणसं मारली. आता हा खुन्याला शोधतो. हा कधीच हसत नाय."

आम्ही भावंडं भेदरून एकमेकांना चिकटलो. भाकरी थापता थापता मामी डोकावली.

"अवो, हसंल कसा? घाईत इजारीवरून चड्डी घातलीय त्यानं!"

"अगं, वीर हाय तो!" मामा चिडला.

पुढचं पान उलटताना मात्र त्यालाच हसू फुटलं. मग उरलेली गोष्ट मामीनेच सांगितली. तिच्या गोष्टीत तो वीर शेवटपर्यंत शिंप्याला शोधत होता.