विणकरणीच्या घरचा नमुना

काळजी करण्याचा मक्ता साऱ्या कुंभकोणमात एकाच माणसाकडे होता, आणि तो माणूस म्हणजे आमच्या अक्काचे यजमान. पापनाशमची गाडी वेळेवर आली तरी भावजी म्हणत, "इतकी वेळेवर का आली रे?" त्यातून इंग्रज सरकारने त्यांना नोकरीही अशी दिली, की घोराला तोटा नको. गरिबांच्या अन्नात सत्त्व किती, याचे तक्ते कुठल्याशा डोंगरावरच्या प्रयोगशाळेत तयार होत होते. त्यासाठी घरोघरचे शिजलेले अन्न बरणीत भरून धाडायचे काम भावजींचे. बूच लाखेने बंद केले की ते बरणी कानाशी धरून हलवत, आणि गळते की काय म्हणून पुन्हा लाख ओतत. घरातही अक्काने सांबाराला फोडणी दिली की हे मागे उभे: "तेल किती पडलं?" एकदा तिने वैतागून पळीच त्यांच्या हातात दिली आणि गोविंदपुरमला भजनाला निघून गेली.

पण त्या वर्षी काळजीला खरेच कारण मिळाले. विणकरांच्या गल्लीतल्या मुलांचे पाय सुजत होते, आणि शाळेत त्यांना दुपारची पेज द्यावी की नाही, हे साहेब या तक्त्यांवरून ठरवणार होता. तक्ते आले ते असे, की त्या गल्लीत जणू रोजच दिवाळी! भावजींचे जेवण सुटले. "माझ्याच बरण्या त्या पोरांच्या तोंडचा घास काढणार," असे म्हणत ते अंगणात येरझारा घालू लागले. शेवटी अक्काच म्हणाली, "तुम्ही आदल्या दिवशी सांगून जाता. सरकारच्या माणसापुढं कोण बाई रोजचं वाढेल? शेजारी तूप मागत असणार त्या."

दुसऱ्या सकाळी भावजी न सांगताच एका विणकरणीच्या दारात उभे राहिले. बरण्यांची पिशवी घेऊन मी ओट्यावर थांबलो. आत मडक्यात रात्रीचा पाण्यातला भात होता आणि शेजारी मीठ. तिने मडक्यावर पदर घातला. "शिळं पाहुण्याला देत नाहीत, सामी."

"हेच पाहिजे, अम्मा!"

ती ऐकेना. भावजी रडकुंडीला आले. मग परक्या घरचे पाणीही न पिणारा हा सोवळा माणूस तिच्या जमिनीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "मी पाहुणा नव्हे, घरचा अहे. वाढा." तिने आधी बरणी भरू दिली, मग त्यांना वाढले.

शाळेत पेज सुरू झाली. अक्काने त्यांना पंचगव्य न पाजता घरात घेतले, याचेच मला जास्त नवल वाटले.

पुढे खूप वर्षांनी मी सहज विचारले, "भावजी, त्या भाताची चव कशी होती हो?"

"तिनं मज आग्रह केला रे," ते म्हणाले. "घरचा म्हणालो ना, म्हणून पुन्हा वाढलं. मज नाही म्हणवेना. मडकं पालथं घातलं तिनं, तेव्हा समजलं, ती जेवलीच नव्हती."