करंगळीवरची नेलपॉलिश

मोहन्याहून स्कूटरवर येणारा आमचा कॉम्प्युटरवाला मला 'अरे' म्हणतो आणि मशीनला 'अहो'.

कल्याणच्या माझ्या फोटो स्टुडिओत बारा वर्षांतल्या लग्नांचे फोटो ज्या डिस्कवर आहेत, त्या सगळ्या कॉम्प्युटरच्या आत बसणाऱ्या एका कार्डाला जोडलेल्या. दुसरी कॉपी नाही. नवा कॉम्प्युटर घेतला, तर त्याला ते कार्डच दिसेना.

त्याने कार्डाची सोनेरी टोकं खोडरबराने घासली, परत बसवलं. "अहो, बघा की जरा." मशीन ढिम्म.

मग त्याने खिशातून बायकोची गुलाबी नेलपॉलिश काढली. "नव्या मशीनना ही दोन टोकं खपत नाहीत रे. झाकायची." कार्ड काढून तेवढी दोन टोकं रंगवली. वाळल्याचं कळावं म्हणून एक थेंब स्वतःच्या करंगळीच्या नखावर लावला आणि नखाकडे बघत बसला.

नखावरचा थेंब वाळला. त्याने कार्ड परत बसवलं. कार्ड दिसलं, डिस्क दिसल्या. लगेच त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "फोटो तू उघड. लोकांच्या घरातलं आहे ते."

त्यात त्याचंही लग्न होतं. मी विचारलं, "तुझं उघडू?"

"आहे ना? मग बास," तो चपला घालत म्हणाला. "तिला कळायच्या आत बाटली जागेवर ठेवायचीये."

करंगळी तशीच गुलाबी होती.