डावा प्रसाद

माझी मुलगी लंडनला बॅरिस्टर आहे. माणसांच्या हक्कांचा कायदा ती तिथल्या विद्यापीठात शिकवते, त्यावर पुस्तके लिहिते. मी चौथी शिकलेली. तिची पुस्तके इंग्रजीत आहेत. मी ती पुसून ठेवते.

आमचे शेत गोव्यात, साखळी गावाच्या पुढे, खाणीच्या पायथ्याशी. पावसात खाणीचा लाल चिखल शेतात उतरायचा. दोन वर्षे भात पिकले नाही, तेव्हा ती रजा काढून आली. पणजीचा एक वकील केस लढवायला तयार होता. कागद तिने स्वतः तयार केले. फक्त शेतवाल्यांच्या सह्या हव्या होत्या.

"बाये, देवाला विचारल्याशिवाय कोणी सही करायचे नाही," मी म्हटले.

"मग विचारूया," ती म्हणाली. हसली नाही.

देवाचा कौल घ्यायला आमच्याकडे प्रसाद लावतात. देवळात गुरवाने मूर्तीला पाण्याने पाकळ्या चिकटवल्या. गावच्या एका म्हाताऱ्याने गाऱ्हाणे घातले, कोर्टात जायचे असेल तर उजवी पाड. डावी पडली. डावी म्हणजे नको.

"घ्या! बॅरिस्टरीण लंडनची, पण जज्ज आमचा देव," मागून कोणीतरी म्हणाला. माणसे हसत बाहेर पडली.

घरी तिने कागद माझ्यापुढे ठेवला. "आई, तू एकटीने सही केलीस तरी केस उभी राहते."

"देवाच्या वर मी जाऊ?"

तिने कागद घडी करून बॅगेत ठेवला. दोन दिवसांनी गेली. पुढच्या पावसात शेत बुडाले ते कायमचे. आता तिथे चिखल वाळून दगड झाला आहे, गुरेसुद्धा जात नाहीत.

डावा प्रसाद झाला तर पुन्हा लावता येतो. प्रश्न बदलून विचारता येतो. आमच्याकडे लग्नासाठी तीन-तीनदा लावतात. तिला हे ठाऊक नव्हते, ती लहानपणापासून पणजीला मावशीकडे शिकलेली. मला ठाऊक होते. मी बोलले नाही. माझ्या थोरल्या मुलाचा ट्रक त्याच खाणीवर चालायचा. केस झाली असती तर पहिला ट्रक त्याचा थांबवला असता.

गेल्या महिन्यात ती फोनवर दिसली. केस पिकलेत तिचे.

"आई, आपल्या प्रसादाची गोष्ट मी वर्गात सांगते. लोकांच्या श्रद्धेपुढे वकिलाने घाई करू नये, असे सांगते."

"बरे करतेस."

"तू किती श्रद्धेने उभी होतीस त्या दिवशी!"

मी तिला विचारले, जेवलीस काय.