ताईचं दीड एकर आणि केनियाचा फोन

किस्से जमवावे लागत नाहीत. वीस बाया आणि एक मोबाइल असला की प्रत्येक मीटिंगला दोन तरी निघतात! बायांच्या हक्कांसाठी देशोदेशीचे गट एकमेकींना जोडलेले आहेत. त्यातला एक आमच्या रिठदचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, सुनीताताईचा. पलीकडे केनियातल्या बाया, मधे इकडचं तिकडं सांगायला पुण्याच्या मॅडम. आणि फोनला स्टँड नव्हता म्हणून फोन धरायला मी, ताईचा धाकटा भाऊ! सातवीत शाळा सोडली, पण हात स्थिर आहे. ताईला जाऊन दोन महिने झाले. रडून झालं की हेच किस्से आठवतात, आणि भर चौकात हसू फुटतं.

*

पहिलाच व्हिडिओ कॉल. केनियाची वांजिरू रंगात येऊन पाण्यासाठी काढलेल्या मोर्चाचं सांगत होती. तेवढ्यात तिच्या मागून तिचा नवरा कप घेऊन गेला. झालं! आमच्या वीसच्या वीस बायांनी सर्रकन डोक्यावर पदर घेतला आणि माना खाली!

वांजिरू घाबरली. "काय झालं? कोणी वारलं का?"

ताई ओरडली, "अवो, तो समुद्रापलीकडं हाये! तुमचा सासरा नाही तो!"

सत्तरीच्या गयाबाईनं पदराआडून विचारलं, "गेला का पन?"

*

मॅडमना चळवळीचा इतिहास लिहायचा होता. वांजिरूनं गोऱ्यांच्या मळ्यावर कामाला न जाणाऱ्या आज्यांची गोष्ट सांगितली. मग ताईची पाळी.

"छप्पन सालची गोष्ट. नागपूरले दीक्षेले ट्रक चालला होता. आजा म्हने, 'जरा विचार करू.' आजी म्हने, 'तुमी करा,' आन ट्रकात बसली!"

"मग आजोबा?"

"काय करतात? भाकरीचं फडकं आजीजवळ होतं. धावत आले!"

*

इतिहास झाला, मग भविष्य. मॅडमनी विचारलं, "पन्नास वर्षांनी चळवळ कुठं असावी?"

वांजिरू कायदे, संसद असं बरंच बोलली. गयाबाई म्हणाली, "तवा मी त राह्यत नाही. पन तवाबी सभेतला च्या बायाच करून राह्यल्या असतीन, त मले सांगजा. मी वापस येतो!"

हे केनियात पोचलं आणि वांजिरूचा नवरा मुकाट्यानं कप धुवायला गेला.

*

एक विषय मात्र ताई सोडत नव्हती. बापाची तीन एकर जमीन माझ्या एकट्याच्या नावावर. लग्नात ताईनं हक्क सोडल्याची सही दिली होती. वांजिरूची जमीनही तिच्या भावाकडेच. दोघी एकदा भाऊ या विषयावर अशा सुटल्या की मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला माझी गरजच नाही!"

फोन धरून कोण उभं? मी!

"हात हलवू नोको," ताई म्हणाली, "तुहीच गोष्ट हाये. दीड एकर माह्या करुणाच्या नावानं कर."

"पाहू."

"दोन वर्सांपासून पाहूनच राह्यला. चष्मा आनू का तुले?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो. सोयाबीनच्या काढणीत तिला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली. मी पाहतच होतो.

*

परवा रिसोडला रजिस्ट्री ऑफिसात गेलो. भाची करुणाच्या नावानं दीड एकराचं बक्षीसपत्र. साक्षीदार दोन लागतात. बाया वीस आल्या! फोन गयाबाईकडं, कारण सही मला करायची होती. पलीकडे वांजिरू, मधे मॅडम. माझे डोळे वाहत होते, सही वाकडी झाली.

"मामा, नाव त पुरं लिहा!" करुणा म्हणाली.

झाली एकदाची. बायांनी टाळ्या वाजवल्या. वांजिरू एकदम उठली आणि दिसेनाशी झाली. परत आली ती एका धिप्पाड माणसाला दंडाला धरून. तिचा भाऊ! तिनं त्याला फोनसमोर बसवलं आणि माझ्या हातातल्या कागदाकडं बोट दाखवलं. तो कागद बघे, मला बघे, माझ्यामागच्या वीस बाया बघे. मग फोनजवळ तोंड आणून हळूच काहीतरी बोलला.

मॅडमना हसू आवरेना.

"काय म्हनते तो?" गयाबाईनं विचारलं.

"म्हणतो, भाऊ, फोन बंद कर."