उत्तरेचं टोक
कापडी नकाशाच्या जुनाट वासाबरोबर मला कोल्हारच्या शाळेतली ती दुपार आठवते. मधल्या सुट्टीत माझ्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील आले. मुलगा मालवाहू जहाजावर नोकरीला होता आणि आठवड्यापूर्वी तिथेच हृदयविकाराने गेला होता. देह अजून घरी यायचा होता. उसाच्या पाचटाने ओरखडलेल्या हातांनी त्यांनी एक चिठ्ठी पुढे केली. तिच्यावर ‘चेल्युस्किन भूशिर’ असं लिहिलं होतं. "बाई, पोरगं इथं गेलं म्हनत्यात. कुठं हाय हे, दाखवता का?" मी भिंतीवर आशियाचा नकाशा लावून खंडाचं सर्वांत उत्तरेचं टोक दाखवलं. सवयीने मी वर्गात शिकवायचे तेच सांगत गेले, की बर्फामुळे तिथं जहाजं पोचत नव्हती, तेव्हा एक खलाशी कुत्र्यांच्या घसरगाडीने किनाऱ्याकिनाऱ्याने गेला, खूण म्हणून एक ओंडका रोवला आणि परत फिरला. "म्हंजे त्यो माघारी आला?" त्यांनी विचारलं. मी होकारार्थी मान हलवली. मग कोल्हार कुठं ते विचारून त्यांनी तिथं अंगठा टेकवला आणि वितीने वर मोजत गेले. "दोनच विती हाय की. मला वाटलं, लई लांब गेलं पोरगं." नकाशाचं प्रमाण मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं, तरी मी म्हणाले, "जवळच आहे." आता मी निवृत्त झाले, पण त्या खोट्याचा पश्चात्ताप मला कधी झाला नाही. रुखरुख लागते ती एवढीच, की तो खलाशी परत आला हे त्यांना माझ्याकडून कळलं.